अजिंठ्याची चित्रे तीनदा जळाली

धम्म या देशातून लोपला, पण लेणी राहिली, असे आपण अभिमानाने सांगतो. दगडात कोरलेले कोणाला पुसता आले नाही हे खरेच आहे. परंतु भिंतीवर रंगविलेले, तालपत्रावर लिहिलेले आणि कागदावर छापलेले जे होते, त्याचे काय झाले? नालंदा जळाल्याची गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मात्र शत्रू नसताना, लढाई नसताना, नुसत्या ठेवण्यातल्या निष्काळजीपणाने केवढा ठेवा गेला, हे फारसे कोणी सांगत नाही. विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त त्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

अजिंठ्यापासूनच सुरुवात करू. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला गेला असता त्याला ही लेणी दिसली. आसपासच्या लोकांना ती माहीत होतीच, पण जगाला कळले ते त्यानंतर. भिंतीवरच्या चित्रांची तेव्हाच पडझड सुरू झालेली होती. ओल, वटवाघळे, आत पेटविलेल्या चुलींचा धूर, शिवाय भिंतीवर आपले नाव कोरणारे हौशी प्रवासी! चित्रे जाण्यापूर्वी त्यांच्या नकला तरी करून ठेवाव्यात, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची नेमणूक केली. गिल यांनी आयुष्याची अनेक वर्षे त्या डोंगरात घालविली आणि मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनला रवाना झाल्या व सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी तिथे आग लागली. इतकी वर्षे राबून केलेले काम एका दिवसात राख झाले. बोटांवर मोजण्याइतकी चित्रे वाचली. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे.

मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स पुढे आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांच्यापैकीच एक. या मंडळींनी सुमारे ३०० चित्रे तयार केली. तीही लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेली. आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागून शंभराहून अधिक चित्रे जळाली. पहिल्या आगीला जेमतेम १९ वर्षे झाली होती. उरलेली कापडे पुढे दीर्घकाळ कोठारात पडून राहिली. त्यांच्याकडे नीट लक्ष गेले ते थेट या शतकाच्या पहिल्या दशकात.

तिसरी गोष्ट जपानची. अराई काम्पो हे जपानी चित्रकार रवींद्रनाथ टागोरांच्या आमंत्रणावरून १९१६ मध्ये भारतात आले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून त्या टोकियोच्या विद्यापीठाकडे नेल्या. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपानंतर लागलेल्या आगीत त्याही गेल्या.

म्हणजे बघा, तीन वेळा नकला झाल्या आणि तीन वेळा अग्नीच्या तोंडी पडल्या. करणारांच्या कष्टात काही कमी नव्हते. चुकले ते इतकेच, की सगळे एका छपराखाली ठेवले. याउलट ग्रिफिथ्स यांच्या चित्रांचे दोन छापील खंड १८९६-९७ मध्ये निघाले आणि निजाम सरकारसाठी गुलाम याजदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भाग काढले. ही पुस्तके अनेक ग्रंथालयांत पोहोचली. एखादे ग्रंथालय जळाले तरी दुसरीकडची प्रत आहेच.

जपानमधील नारा परिसरातल्या होर्यूजी या प्राचीन विहारात अजिंठ्याच्या शैलीशी नाते सांगणारी भित्तिचित्रे होती. तिथेही चित्रकार नकला करीत होते. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे मुख्य सभागृहाला आग लागली आणि चित्रांचे रंग कायमचे गेले. थंडीसाठी वापरल्या जाणाऱ्या विजेच्या गादीवर संशय घेतला गेला. मात्र या चित्रांची १९३५ मध्ये काचेच्या तबकड्यांवर छायाचित्रे घेतलेली होती व ती विहाराबाहेर, क्योटोला होती. त्यांच्या आधारे १९६७-६८ मध्ये ती चित्रे नव्याने रंगवून भिंतीवर बसविता आली. जपान नुसता हळहळून थांबला नाही. १९५० मध्ये त्याने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. २६ जानेवारी हा दिवस तिथे १९५५ पासून ठेव्याच्या अग्निसुरक्षेचा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी देवळांतून, विहारांतून आग विझविण्याची तालीम होते.

आता आपल्या घरात डोकावू. परमपूज्य बाबासाहेबांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे महापरिनिर्वाण झाले. तिथे राहिलेले त्यांचे बरेच कागद जानेवारी १९६७ मध्ये घराबाहेर उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजून त्यांचा लगदा झाला, असे त्यांच्या निकटच्या माणसांनी नमूद करून ठेवले आहे. इथे तर आगही लागली नाही, पाऊस पुरेसा झाला! महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये प्रकाशन समिती नेमली आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ मध्ये पहिला खंड निघाला. पेट्यांतले कागद जुळवून मून साहेबांनी जे उभे केले त्याचे ऋण फिटणारे नाही. तरी प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांतीवरचा ग्रंथ अपुराच हाती आला. बौद्ध धम्माच्या उदयास्ताचा बाबासाहेबांनी मांडलेला संपूर्ण विचार आपल्याला आता कधीच वाचता येणार नाही. हे नुकसान कशात मोजायचे?

आणि आपल्या विहाराचे काय? १९५६ च्या धम्मदीक्षेला गेलेली पिढी आता जवळजवळ संपत आली. त्यांच्या ट्रंकांत दीक्षेच्या वेळचे फोटो असतात, 'जनता' व 'प्रबुद्ध भारत'चे अंक असतात. विहारासाठी आठ-आठ आणे वर्गणी दिलेल्यांच्या वह्या असतात. म्हातारा माणूस गेला की घर झाडताना हे सगळे रद्दीत जाते. उरलेले वाळवी खाते. ज्या समाजाचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही, त्याची ही वहीच पुरावा आहे. ती गेली तर आपल्या माणसांनी विहार कसा उभारला हे नातवंडांनी कोणाला विचारायचे?

यासाठी मोठा निधी लागत नाही. विहारात मेणबत्ती व अगरबत्ती लावतो ती जागा आणि कागदांचे कपाट यांत चांगले अंतर ठेवावे. जुनी वायरिंग तपासून घ्यावी. लोखंडी कपाट भिंतीला न चिकटविता, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावे. पावसाळ्याआधी छप्पर बघावे. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये, ती कालांतराने कागद पिवळा करून खाते. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने नाव, गाव, साल लिहावे. प्रत्येक कागदाची झेरॉक्स किंवा मोबाईलवर घेतलेली प्रत काढून ती दुसऱ्या गावच्या विहारात किंवा ग्रंथालयात ठेवावी. एक प्रत इथे, एक तिथे, एवढे तरी करावेच.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळ व युद्ध आले, तेव्हा त्रिपिटक केवळ मुखोद्गत ठेवण्यातला धोका भिक्खू संघाने ओळखला आणि ते लिहून काढले. तालपत्र जीर्ण झाले की नवी प्रत करायची, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत श्रीलंकेत, ब्रह्मदेशात, सयाममध्ये चालली. एका देशात प्रती नष्ट झाल्या तरी दुसऱ्या देशात राहिल्या. म्हणून आज आपण पालि वचने म्हणू शकतो.

येत्या वर्षावासात प्रत्येक घराने आपली ट्रंक एकदा उघडावी आणि जे निघेल ते विहार समितीला दाखवावे, एवढीच सर्व उपासक-उपासिकांना विनंती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!