मानसिक दिव्यांगत्व आणि लाभ कार्यालयांची सुगम्यता (जव्हार–मोखाडा)

मानसिक आजार किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला अनुदान, शिधा आणि दाखले मागता यावेत, त्यासाठीची प्रक्रिया समजावी आणि एकदा मिळालेला लाभ सुटू नये, यासाठी कार्यालयाने आपल्या कामाच्या पद्धतीत केलेले बदल म्हणजे ही सुगम्यता. कार्यालयाच्या दारात रॅम्प बांधून ती साधत नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत दहातले नऊ लोक वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशा आदिवासी जमातींचे आहेत. गरजूने स्वतः यावे, आपली अडचण सांगावी आणि सांगितलेल्या तारखेला पुन्हा यावे, या गृहीतावर तिथली निराधार योजना चालते. मानसिक आजारापुढे हे गृहीत टिकत नाही. विशेष म्हणजे दुसऱ्या एका प्रश्नात शासनाने याच तालुक्यांत ते सोडून दिलेले आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८०पासून आहे. २०२५मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान दरमहा १५०० रुपयांवरून २५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. मजुरीवर चालणाऱ्या घरात एवढ्या पैशांनी औषध आणि बसभाडे दोन्ही भागू शकते. पण त्याआधी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. पुढे हयातीचा दाखलाही द्यावा लागतो. मानसिक आजाराची टक्केवारी ज्या मोजपट्टीवर ठरते, तिच्यात स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना गुण असतात, शिवाय आजाराचा कालावधी धरला जातो. म्हणजे ज्याचे बोलणे तुटक होते, ज्याला अनोळखी माणसाचा संशय येतो, ज्याची उठून बाहेर पडण्याची उमेदच गेली आहे, तो पात्र. आणि खिडकीपुढे रांगेत उभे राहणे, प्रश्नांना नीट उत्तरे देणे, अर्जात निघालेली त्रुटी ध्यानात ठेवून पुन्हा येणे नेमके त्यालाच जमत नाही. आजार किती जुना हे दाखवायला जुने केसपेपर उपयोगी पडतात; ज्याचे इतके दिवस भगताकडेच (गावच्या मांत्रिकाकडेच) चालले होते, त्याच्याजवळ एकही केसपेपर नसतो. त्यात जिल्ह्याचे ठिकाण पालघर जव्हारपासून सत्तर किलोमीटरच्या आसपास आणि ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय त्याहून लांब. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. त्या काळात प्रमाणपत्राच्या शिबिराची तारीख लागली, तर ज्याच्यासाठी शिबिर भरवले तोच गावात नसतो.

असे रुग्ण मुळात थोडेच, असे कार्यालयाच्या नोंदींवरून वाटू शकते. त्यावर देशपातळीवरचे आकडे पाहण्यासारखे आहेत. २०११च्या जनगणनेत देशभरात मानसिक आजारामुळे दिव्यांग म्हणून सुमारे ७ लाख २२ हजार लोकांची नोंद झाली, म्हणजे लोकसंख्येच्या ०.०६ टक्के. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाला मात्र प्रौढांमध्ये तीव्र मानसिक विकारांचे प्रमाण ०.८ टक्क्यांच्या आसपास आढळले. आजार आणि दिव्यांगत्व एक नव्हे, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांवर तंतोतंत बसणार नाहीत. तरी दहापटीहून मोठी ही तफावत केवळ व्याख्येची मानणे कठीण आहे. लोक स्वतःहून सांगतील तेवढेच मोजले, की हा आजार मोजणीतून निसटतो.

सुरुवातीला उल्लेखलेला दुसरा प्रश्न बालमृत्यूंचा. १९९२मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले. पुढे १९९५पासून आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आली. पावसाळ्याआधी दुर्गम गावांत धान्य पोहोचवणे, पाड्यापाड्यांवर फिरणारी वैद्यकीय भरारी पथके, बालकांची घरोघर तपासणी ही तिची अंगे. उपाशी मूल आपण होऊन दवाखान्यात येणार नाही, त्याला शोधत जावे लागेल, हे तेव्हा शासनाने मान्य केले. तोच न्याय घराच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे गप्प बसलेल्या प्रौढाला लावायला हवा. आशा कार्यकर्तीने नाव कळवावे, तलाठ्याने उत्पन्नाची आणि रहिवासाची खातरजमा घरीच करावी, मनोविकारतज्ज्ञाने ठरलेल्या दिवशी तालुक्यात यावे आणि हयातीची नोंद पाड्यावरच व्हावी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी फेरबदल करून देण्याची तरतूद आहेच. त्यामुळे असे बदल म्हणजे मेहेरबानी ठरत नाही.

दारात जाऊन नावे घेतली तर बोगस लाभार्थी वाढतील, हा आक्षेप हमखास येतो. पण घरी जाऊन माणूस, त्याचे घर आणि शेजार पाहणारी पडताळणी खिडकीतून घेतलेल्या कागदापेक्षा अधिक खात्रीची असते. उलट ठरल्या वेळेत हयातीचा दाखला आला नाही म्हणून अनुदान थांबते, तेव्हा मृत माणूस आणि खचलेला माणूस एकाच यादीत जातात. कर्मचारी अपुरे आहेत, हा आक्षेप मात्र खरा आहे. आशांच्या अंगावर आधीच पुष्कळ कामे आहेत, म्हणून या नोंदीचा वेगळा मोबदला द्यावाच लागेल. ग्रामसभेचे काय, असेही विचारले जाते. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने गरिबी निर्मूलनाच्या योजनांचे लाभार्थी निवडण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, आणि तो मोलाचा आहे. पण कुणाच्या मानसिक आजाराचा भर सभेत उल्लेख होणे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील गोपनीयतेच्या हक्काशी जुळत नाही. सभेने निराधार म्हणून नाव सुचवावे, आजाराचे निदान डॉक्टरच्या कागदात राहावे.

सगळ्यात गुंतागुंतीचा प्रश्न पैशाचा. पैसे भावाच्या किंवा बापाच्या खात्यात टाकावेत, म्हणजे काम सोपे होईल, ही सूचना बहुधा सद्‌भावनेनेच केली जाते. पण २०१६च्या कायद्याने दिव्यांग व्यक्तीला आपले आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा इतरांइतकाच हक्क दिला आहे आणि पालकत्वाची गरज पडलीच तर ते मर्यादित, विशिष्ट निर्णयापुरते व त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून असावे, असे म्हटले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारापुरता असतो, पैशापुरता नव्हे. तेव्हा खाते त्या व्यक्तीचेच राहावे. बँकमित्राने अंगठा घेण्याआधी किती रुपये जमा झाले आणि त्यातले किती काढायचे, हे तिला तिच्या बोलीत विचारावे. सोबत आलेल्या नातेवाइकाने मदत करावी. उत्तर देण्यासाठी थोडा वेळ लागला, म्हणून तिच्या वतीने त्याचेच उत्तर धरू नये.