तळे कोणाच्या मालकीचे?

शाळा-कॉलेजांतील मुलामुलींना सरकार, गावचा कारभार आणि आपल्या समाजातील नाना जातिधर्मांचे लोक यांची ओळख करून द्यावी, असा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे सोपविला आहे. आम्ही पडलो कामगार संघटनेतील माणसे. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले. बाकीचे युनियनच्या कचेरीतल्या कपाटापाशी आणि लेबर कोर्टाच्या बाकावर झाले. तेव्हा पंडिताची अपेक्षा आपण आमच्याकडून करणार नाही, असे धरून चालतो.

कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग आम्ही चालवितो. तेथे "सरकार म्हणजे कोण?" असे विचारले, की निम्मी मुले "पोलीस" म्हणतात आणि उरलेली मुख्यमंत्र्यांचे नाव घेतात. वॉर्ड ऑफिसचे नाव कोणी काढीत नाही. घरातला नळ त्याच ऑफिसच्या मर्जीने येतो आणि जातो, तरीही! नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक तक्ता असतो. तळाशी ग्रामपंचायत, तिच्यावर पंचायत समिती, तिच्यावर जिल्हा परिषद, आणि सर्वांच्या वर दिल्ली. मुले तो घोकतात, मार्क मिळवितात आणि विसरून जातात. आम्हांला वाटते, तक्ता बाजूला ठेवावा आणि एखादी खरीखुरी बाब हाती धरून तिचा कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर गेला, कोठे अडला, कोणी पुढे ढकलला, हे पाहावे. म्हणून आज महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास सांगावयाचा आहे. तो आपण ऐकलेला असेल, पण बहुधा सत्याग्रहाची कथा म्हणून. आम्ही तो कारभाराची कथा म्हणून सांगणार आहो.

महाड हे सावित्रीकाठचे बाजाराचे गाव. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. १९८१ पासून त्या जिल्ह्याला रायगड म्हणतात. गावात तळे होते, आणि ते म्युनिसिपालिटीच्या ताब्यात होते. हिंदू त्याचे पाणी भरीत, मुसलमान भरीत. भरण्यास मज्जाव होता तो फक्त अस्पृश्य मानलेल्या जातींना. आसपासच्या खेड्यांतून बाजाराला, कचेरीच्या कामाला आलेल्या महार-चांभारांना घोटभर पाणी मिळण्याची पंचाईत होती.

ही म्युनिसिपालिटी म्हणजे काय? इंग्रजी अमलात व्हाइसरॉय रिपन यांनी १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि त्याप्रमाणे मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा व जिल्हा म्युनिसिपालिट्यांचा असे दोन कायदे झाले. दिवाबत्ती, रस्ते, पाणी, शाळा ही कामे लोकांच्या प्रतिनिधींकडे आली. पण लोक म्हणजे कोण, हे विसरू नका. मत देण्याचा हक्क कर भरणाऱ्याला आणि मालमत्ता असणाऱ्याला होता. ज्याला तळ्यावर पाणी नाही, त्याला बहुधा मतही नाही. नामनियुक्तीने मात्र एखादा माणूस आत जाऊ शके. महाडजवळच्या रावढूळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतले पेन्शनर. त्यांना १८९५ साली सरकारने महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणे काही उच्चवर्णीय सभासदांना रुचले नाही. बोर्डाच्या खोलीत खुर्ची मिळाली, पण गावच्या तळ्यावर ओंजळ मिळाली नाही, अशी ती अवस्था होती.

आता पुढच्या पायरीवर या. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतांच्या कायदेमंडळांत निवडून आलेल्या सभासदांचे बहुमत झाले. कारभाराची मात्र दोन दारे झाली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकप्रतिनिधींतून घेतलेल्या मंत्र्यांकडे गेली. पोलीस, जमीनमहसूल ही खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाने आपल्याकडे ठेवली. म्हणजे तळे एका दाराने आणि तळ्यावरचा पोलीस दुसऱ्या दाराने! ही विभागणी ध्यानात ठेवा.

त्या मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले नावाचे सभासद होते. ते भंडारी समाजातले. आमच्या चळवळीतल्या माणसांना त्यांचे नाव कामगार हितवर्धक सभेमुळे माहीत आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांच्या ठरावाला कायदेमंडळाने मान्यता दिली. सरकारी पैशातून बांधलेली व राखलेली, किंवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायकचेऱ्या, दप्तरे आणि दवाखाने अस्पृश्य वर्गांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. बोल्यांनी धर्मशास्त्राचा वाद उकरला नाही. त्यांनी पैशाचा व ताब्याचा प्रश्न पुढे केला: ज्याला सार्वजनिक पैसा लागला, ते सार्वजनिक. कामगारांची गाऱ्हाणी मांडणाऱ्या माणसाची ही पद्धत आम्हांला ओळखीची वाटते. मालकाच्या मनाचा पालट होण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा वेतनपत्रकावर बोट ठेवावे, हे आमच्यातला प्रत्येक जुना कार्यकर्ता शिकलेला असतो.

परंतु ठराव म्हणजे कायदा नव्हे. कायदेमंडळाचा ठराव ही सरकारला केलेली शिफारस असते. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने ती शिफारस आपल्या खात्यांकडे अमलासाठी पाठविली. सरकारच्या हातातली दप्तरे व दवाखाने यांना तो हुकूम होता. म्युनिसिपालिट्या मात्र स्वतंत्र कायद्याने झालेल्या संस्था, त्यांनी आपापला ठराव करावयाचा होता. महाडच्या म्युनिसिपालिटीने ५ जानेवारी १९२४ रोजी तसा ठराव केला आणि तळे सर्वांना खुले झाले.

खुले झाले ते वहीत. तीन वर्षे तळ्यावर कोणी गेले नाही, कारण गेले असते तर डोकी फुटली असती. आमच्या धंद्यात करारावर सही होणे आणि कराराचा अंमल होणे यांत कधी कधी एक पिढी जाते. म्हणून वहीतल्या ठरावाचे आम्हांला नवल वाटत नाही, आणि त्याला कमी लेखावेसेही वाटत नाही. वहीत नसते तर पुढे कोर्टात दाखवावयाला काय होते? बोल्यांनाही हे कळत होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांची सरकारी ग्रँट थांबवावी. स्थानिक संस्थेला स्वराज्य असते, पण तिची थैली पुष्कळ वेळा वरून भरली जाते. तेथे गाठ मारली की खाली हालचाल होते.

१९ व २० मार्च १९२७ या दिवशी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, त्याच वर्षी ते कायदेमंडळाचे नामनियुक्त सभासद झाले होते. परिषदेला हजारो माणसे आली, आणि त्यांच्यासाठी पाणी विकत घ्यावे लागले. चाळीस रुपयांचे पाणी! सार्वजनिक तळे हाकेच्या अंतरावर असताना हे चाळीस रुपये मोजले गेले. गिरणीतल्या कितीतरी कामगारांना त्या काळी महिनाभर राबून तेवढे मिळत नसत. दुसऱ्या दिवशी मंडळी रांगेने तळ्यावर गेली व बाबासाहेबांच्या मागोमाग त्यांनी पाणी प्राशन केले. कोणताही कायदा मोडला नव्हता. म्युनिसिपालिटीचा ठराव तीन वर्षांनी प्रथमच अमलात आला, इतकेच.

या परिषदेच्या पाठीशी कोण होते, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावे. समाजात नाना प्रकारचे लोक आहेत हे सांगताना निरनिराळ्या पागोट्यांची चित्रे दाखविण्याचा प्रघात आहे. त्यापेक्षा ही हजेरी अधिक शिकवील. महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे कायस्थ प्रभू. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण. परिषदेसाठी खपलेले रामचंद्र बाबाजी मोरे महार समाजातले, आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत कम्युनिस्ट कार्यकर्ते म्हणून नावारूपाला आलेले. सभेनंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठवून गावगुंडांनी जेवत्या माणसांवर हल्ला केला, तेव्हा कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. त्याच सुमारास ब्राह्मणेतर पक्षाच्या जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, मात्र ब्राह्मणांना लढ्यात घेऊ नये या अटीवर. बाबासाहेबांनी ती अट मान्य केली नाही. जन्माने कोण हे पाहावयाचे नाही, वागतो कसा ते पाहावयाचे, ही भूमिका मार खाल्लेल्या माणसांनी घेतली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सनातनी मंडळींनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळे शुद्ध केले. आणि मग तो दिवस आला. ४ ऑगस्ट १९२७! बोल्यांच्या ठरावाला त्या तारखेस बरोबर चार वर्षे होत होती, आणि त्याच दिवशी महाडच्या म्युनिसिपालिटीने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. तारीख कोणी मुद्दाम निवडली असेल असे आम्हांला वाटत नाही. पण जो हक्क ठरावाने येतो तो ठरावाने जातो, आणि ज्यांच्या मतांवर सभासद निवडून यावयाचे ते तळ्याभोवती राहणारे होते, हे यावरून दिसते. मतदारयादीत नाव नसलेल्याचे पाणी तोडणे सोपे असते.

आता तिसरे दार उरले, न्यायालयाचे. तेथे आधी गेले ते विरोधक. १२ डिसेंबर १९२७ रोजी त्यांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला की तळे स्पृश्यांचे खाजगी आहे, आणि १४ तारखेस तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबरला परिषद भरली, त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. कलेक्टर हूड यांनी परिषदेपुढे येऊन मनाईहुकूम न मोडण्याची विनंती केली. लोक तर तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते. तरीही बाबासाहेबांनी त्यांना थांबविले. मिरवणूक तळ्याभोवती फिरून परत आली. संप पुकारण्यापेक्षा तयार झालेला संप थांबविणे किती कठीण असते, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून हा दिवस आम्हांला मार्चच्या दिवसाहून लहान वाटत नाही.

मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण दावा चालूच राहिला. १९३१ साली महाडच्या कोर्टात दावेदार हरले, १९३३ साली ठाण्याला अपिलात हरले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानेही त्यांचे अपील फेटाळले. तळे म्युनिसिपालिटीचे आहे, आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी कायद्याला लागते तितकी पुरातन असल्याचे शाबीत झालेले नाही, असा तो निकाल. कायदेमंडळाच्या पहिल्या ठरावापासून चौदा वर्षे लागली.

त्या दाव्यातले मुख्य प्रतिवादी पुढे, १९४७ साली, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. शिकविणाऱ्यांना आमची सूचना अशी, की बोल्यांचा ठराव आणि घटनेचे पंधरावे कलम मुलांच्या हाती एकदम द्यावे. त्या कलमाच्या दुसऱ्या भागात दुकाने व उपाहारगृहे येतात, आणि मग सरकारी पैशावर पूर्णतः वा अंशतः राखलेल्या किंवा लोकांच्या वापरासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांची यादी येते. १९२३ च्या ठरावातली पैशाची कसोटी तेथे पुन्हा भेटते. मात्र आता ती शिफारस नाही, कोणत्याही नगरपालिकेला बहुमताने रद्द करता न येणारा हक्क आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने तिला शिक्षा ठरविली, आणि १९७६ साली त्या कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले. कर भरणाऱ्यापुरते असलेले मत प्रत्येक सज्ञान माणसाला मिळाले. १९८९ पासून त्याला अठरा वर्षे पुरतात. आज येथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे नाव महाडच्या, पुण्याच्या किंवा आपल्या गावच्या यादीत असावयास हवे. नसेल तर अर्ज तहसील कचेरीत मिळतो.