इंदापूर विधानसभा मतदारसंघ : निवडणूक-निधी व जलनीती

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, उत्तरेस भीमा आणि दक्षिणेस नीरा यांच्या दुआबात पसरलेला व नीरा नरसिंहपूर येथे या दोन नद्यांच्या संगमापाशी निमुळता होणारा इंदापूर तालुका हे या मतदारसंघाचे क्षेत्र असून (क्रमांक २००) तो बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो. दोन नद्यांच्या मध्ये असूनही तालुका पर्जन्यछायेत आहे. त्यामुळे येथील शेती ढगांपेक्षा कालव्यांवर आणि कालवे मंत्रालयातील हुकुमांवर अवलंबून राहिले. हवामानविषयक धोरण म्हणून अन्यत्र ज्याची चर्चा होते, ते येथील प्रचारात बहुधा पाण्याच्या मागणीचेच रूप घेऊन येते.

उमेदवार : शंकरराव बाजीराव पाटील यांच्यानंतर तालुक्याच्या राजकारणाची सूत्रे त्यांचे पुतणे हर्षवर्धन पाटील यांच्याकडे आली. ते १९९५, १९९९ व २००४ मध्ये अपक्ष म्हणून आणि २००९ मध्ये काँग्रेसतर्फे निवडून आले. २०१४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे दत्तात्रय भरणे (तालुक्यात ‘मामा’) यांनी त्यांचा पराभव केला. २०१९ मध्ये पाटील भाजपचे उमेदवार होते व अवघ्या ३,११० मतांनी हरले. २०२४ मध्ये ते शरद पवार यांच्या पक्षात, तर भरणे अजित पवार यांच्या पक्षात होते, आणि अंतर १९,४१० मतांचे झाले. पक्ष बदलले, प्रतिस्पर्धी तेच राहिले.

देणगीदार : उमेदवाराला पैसा कोणी दिला, याचे उत्तर कायद्याच्या दृष्टीने एकाच दफ्तरात असते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम ७७ अन्वये प्रत्येक उमेदवाराने खर्चाचा स्वतंत्र हिशेब ठेवावयाचा, आणि कलम ७८ अन्वये निकालानंतर ३० दिवसांच्या आत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे पुण्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे, दाखल करावयाचा. कसूर झाल्यास निवडणूक आयोगास ३ वर्षांपर्यंत अपात्रतेचा अधिकार आहे. हिशेबासोबतच्या तपशीलपत्रकात स्वतःचा पैसा, पक्षाकडून मिळालेली रक्कम आणि इतर व्यक्ती, कंपनी वा संस्था यांच्याकडील कर्ज, भेट व देणगी यांचे निरनिराळे रकाने असतात. खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते व एका व्यक्तीस १० हजार रुपयांहून अधिक रोख देता येत नाही. दाखल झालेला हिशेब पाहण्याची फी १९६१ च्या नियमांनी एक रुपया ठरविली आहे. ही फी वाचवण्यासाठी कोणी पुण्यास जाण्याचे टाळले असेल असे वाटत नाही, तरीही या कागदांचा अभ्यास फारसा होत नाही. उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात मात्र मालमत्ता, देणी, गुन्हे इत्यादी तपशील येतात, देणगीदार येत नाहीत. वृत्तपत्रे जे छापतात ते बहुधा या शपथपत्रातले असते.

मोठ्या राज्यांतील विधानसभा उमेदवाराची खर्चमर्यादा २०१४ मध्ये २८ लाख रुपये होती, ती २०२२ मध्ये ४० लाखांवर नेण्यात आली. पक्षाच्या खर्चास मर्यादा नाही. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या नावे धरला. त्याच वर्षी कलम ७७ मध्ये स्पष्टीकरण घालून सरकारने तो निर्णय निष्प्रभ केला. २००३ च्या दुरुस्तीने ती पळवाट अरुंद केली, तरी पक्षनेत्यांचा प्रवासखर्च बाहेरच राहिला. पक्षांना २० हजार रुपयांवरील देणगीदारांची यादी आयोगास सादर करावी लागते. परंतु ती यादी पक्षाची असते, तालुक्याची नव्हे. निवडणूक रोख्यांनी तीही झाकली होती, ते रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले.

साखर कारखाने : बिजवडीचा कर्मयोगी, रेड्याजवळचा नीरा-भीमा आणि भवानीनगरचा छत्रपती हे तालुक्यातील सहकारी कारखाने, वालचंदनगरची वसाहत त्यांच्याही आधीची व खासगी. सहकारी पट्ट्यात कारखान्याची यंत्रणा प्रचारास जुंपली जाते, असा आक्षेप महाराष्ट्रभर घेतला जातो. तो सिद्ध वा असिद्ध करण्याइतका पुरावा सार्वजनिक हिशेबांतून निघत नाही. मात्र ऊस, बगॅसवरील वीज व इथेनॉल हे येथील हवामाननीतीचे प्रत्यक्ष अर्थकारण होय. हर्षवर्धन पाटील राष्ट्रीय सहकारी साखर कारखाना महासंघाचे अध्यक्ष झाल्यावर केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. २०१९ पासून किलोमागे ३१ रुपयांवर थांबलेला साखरेचा किमान विक्रीदर वाढवावा, ही महासंघाची मागणी त्यांनी सातत्याने मांडली. उसाखालचे क्षेत्र कमी करावे, असे म्हणून येथे मते मागणे कोणास परवडत नाही.

पाणी : १८७६–७८ च्या दुष्काळानंतर दुष्काळी काम म्हणून हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि बारामती-इंदापूरचे ‘बागायत’ त्यातून उभे राहिले. कालव्याच्या टोकाशी असल्याने इंदापूरच्या वाट्यास तक्रारी अधिक आल्या; खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी पुणे शहराची तहान भागवून जे उरेल ते, अशी टोकावरच्या गावांची कैफियत आहे. नीरा देवघर धरणाच्या पाण्यातील नीरा डाव्या कालव्याचा जादा वाटा भाजप सरकारने जून २०१९ मध्ये बंद केला, आणि महाविकास आघाडी सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये डाव्यास ५५ व फलटण-माळशिरसकडे जाणाऱ्या उजव्या कालव्यास ४५ टक्के असे नवे वाटप केले. म्हणजे फलटण-माळशिरसचे पाणी आणि बारामती-इंदापूरचे पाणी सरकारबरोबर बदलले.

उजनी धरणाने (१९८०, एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट) तालुक्याची उत्तरेकडील गावे बुडविली, पळसदेवचे जुने मंदिर त्यांतलेच, आणि धरणाच्या पाण्यावर प्रथम हक्क मात्र सोलापूर जिल्ह्याचा सांगितला गेला. एप्रिल २०२१ मध्ये पुण्याहून उजनीत येणाऱ्या सांडपाण्याच्या हिशेबावर ५ टीएमसी पाणी इंदापूरकडे वळविण्याच्या योजनेस चालना मिळाली. त्या वेळी भरणे इंदापूरचे आमदार, राज्यमंत्री आणि सोलापूरचे पालकमंत्री अशा तिन्ही नात्यांनी बांधलेले होते. सोलापुरात आंदोलन पेटले व मे महिन्यात या योजनेचा हुकूम रद्द झाला. पुढे २०२२ मध्ये ३४८ कोटी रुपयांच्या, उजनीवरील लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेस मंजुरी मिळाली. याच निंबोडीत एप्रिल २०१३ मध्ये, दुष्काळात उजनीचे पाणी मागणाऱ्या सोलापूरच्या उपोषणकर्त्यास उद्देशून अजित पवार यांनी काढलेल्या उद्गारांबद्दल त्यांना क्षमा मागावी लागली होती.

शासकीय निधी : एप्रिल २०२४ मध्ये लोकसभेच्या प्रचारात इंदापूर येथे निधी आणि मतदानाचे बटण यांची सांगड घालणाऱ्या अजित पवार यांच्या भाषणाविरुद्ध तक्रार झाली, निवडणूक अधिकाऱ्यांना त्यात आचारसंहितेचा भंग आढळला नाही.



हवामान : ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस राज्याने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत इंदापूर व बारामती होते आणि पुढच्या उन्हाळ्यात उजनी उणे पातळीस गेले. मे २०२५ मध्ये मात्र वळिवाच्याच दिवसांत या दोन्ही तालुक्यांत असा पाऊस कोसळला, की बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला. त्यानंतर दोन महिन्यांनी भरणे राज्याचे कृषिमंत्री झाले.