जेरेमी ग्लिक : ज्युदोतली सर्वोच्च पदवी मिळालेला ‘फ्लाइट ९३’चा प्रवासी

ज्युदोत काळा पट्टा मिळाला म्हणजे सगळं मिळालं, असा आपल्याकडे समज असतो. खरं तर काळा पट्टा ही सुरुवात. त्यापुढच्या पायऱ्यांना ‘दान’ म्हणतात आणि दहावी दान ही सर्वांत वरची. टोकियोची कोदोकान ही ज्युदोची मूळ संस्था १८८२ साली जिगोरो कानो यांनी सुरू केली. तिथून आजवर फक्त १५ जणांना दहावी दान मिळाली आहे. ती मिळेपर्यंत माणूस म्हातारा झालेला असतो, कारण सगळा जन्म ज्युदोत घालवल्याशिवाय तिचा विचारही होत नाही.

अमेरिकेत मात्र ही पदवी ३१व्या वर्षी गेलेल्या एका तरुणाच्या नावापुढे लागली. जेरेमी ग्लिक हे त्याचं नाव. युनायटेड स्टेट्स ज्युदो असोसिएशनने त्याला मरणोत्तर मानद दहावी दान दिली. ही कोदोकानची पदवी नव्हे, अमेरिकेतल्या संघटनेने केलेला गौरव आहे. पण ज्युदोच्या जगात याहून मोठं देण्यासारखं काही नसतं.

जेरेमी न्यू जर्सीचा. सहा फुटांहून उंच आणि वजन शंभर किलोच्या आसपास. रोचेस्टर विद्यापीठात शिकत असताना १९९३ मध्ये त्याने अमेरिकेची राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन ज्युदो स्पर्धा जिंकली. पुढे चारचौघांसारखी नोकरी धरली, लग्न झालं. २००१च्या सप्टेंबरमध्ये त्याची मुलगी जेमतेम तीन महिन्यांची होती. कामासाठी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला जायचं होतं. खरं तर तो १० तारखेलाच निघणार होता, पण विमानतळावर गोंधळ झाल्यामुळे त्याने प्रवास दुसऱ्या दिवसावर ढकलला.

११ सप्टेंबरला नेवार्कहून सुटणारं युनायटेड एअरलाइन्सचं ‘फ्लाइट ९३’ही उशिराच निघालं. आठची वेळ, उड्डाण ८ वाजून ४२ मिनिटांनी. त्या दिवशी जे घडलं त्यात या उशिराचा वाटा मोठा आहे. चारच मिनिटांनी पहिलं विमान वर्ल्ड ट्रेड सेंटरवर आदळलं, ९ वाजून ३ मिनिटांनी दुसरं. फ्लाइट ९३चा ताबा चार अपहरणकर्त्यांनी घेतला तो ९ वाजून २८ मिनिटांनी. आधीच्या विमानांतल्या बहुतेक प्रवाशांना आपलं विमानच बॉम्ब म्हणून वापरलं जाणार आहे, याची कल्पना नसावी. या विमानातल्या लोकांनी घरी फोन लावले आणि त्यांना ती बातमी कळली.

जेरेमीने बायकोला फोन लावला. लाल पट्टी डोक्याला बांधलेली माणसं आहेत, एकाजवळ बॉम्ब आहे म्हणतात, असं त्याने सांगितलं. न्यूयॉर्कची बातमी खरी आहे का, हेही विचारलं. ती खरी होती. पुढे त्याने सांगितलं की प्रवासी मतदान करत आहेत, अपहरणकर्त्यांवर चाल करायची की नाही यावर. हत्यार काय, तर नाश्त्याबरोबर आलेली लोणी लावायची सुरी, असा विनोदही त्याने केला. मग बायकोला फोन धरून ठेवायला सांगून तो गेला.

९ वाजून ५७ मिनिटांनी हल्ला सुरू झाला. बोइंग ७५७मध्ये दोन्हीकडच्या आसनांमधून जायला एकच अरुंद वाट असते. पंचवीस माणसं असली तरी पुढे जाणार एकामागून एकच, आणि पहिला वार झेलणार पुढचाच. वैमानिकाच्या जागी बसलेल्या अपहरणकर्त्याने त्यांना पाडण्यासाठी विमान डावी-उजवीकडे कलंडवलं, नाक खाली-वर केलं. १० वाजून ३ मिनिटांनी विमान पेनसिल्व्हेनियातल्या शँक्सव्हिलजवळच्या मोकळ्या माळावर कोसळलं. वॉशिंग्टन तिथून हवाई मार्गाने सुमारे २० मिनिटांवर होतं. लक्ष्य अमेरिकेची संसद किंवा व्हाइट हाउस असावं, असा चौकशी आयोगाचा निष्कर्ष आहे. प्रवासी आणि कर्मचारी मिळून ४० जण गेले. जमिनीवर कुणालाही इजा झाली नाही.

त्या सहा मिनिटांत जेरेमीने नेमकं काय केलं? ज्युदोचा कुठला डाव टाकला? सिनेमात आणि समाजमाध्यमांवरच्या पोस्टमध्ये याची उत्तरं भरपूर मिळतात. पुरावा मात्र कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणाचाच आहे. त्यात आरडाओरडा, धडका, काहीतरी फुटल्याचे आवाज आहेत. काही नातेवाइकांना त्यात आपल्या माणसाचा आवाज ओळखू आला, पण कोणता आवाज कोणाचा हे सांगता येत नाही, असं आयोगाने स्पष्ट लिहिलं आहे. अपहरणकर्ते शेवटपर्यंत नियंत्रणावर होते, पण प्रवासी काही क्षणांत आपल्यापर्यंत पोचणार, हे त्यांना कळलं असावं, असंही आयोग म्हणतो.

सन्मानांच्या बाबतीत इथेच थोडी गुंतागुंत झाली. २००२चा आर्थर अ‍ॅश धैर्य पुरस्कार जेरेमीसह टॉड बीमर, मार्क बिंगहॅम आणि टॉम बर्नेट या चौघांना मिळाला. चौघेही धिप्पाड, खेळाडू वृत्तीचे. त्यामुळे ‘चार वीर’ अशी गोष्ट रूढ झाली आणि बाकीचे मागे पडले. त्याच विमानात केबिन क्रूमधली एक महिला अपहरणकर्त्यांवर फेकण्यासाठी पाणी उकळत होती. तिने ते नवऱ्याला फोनवर सांगितलं होतं. तिला ज्युदो येत होता का, हे कोणी विचारत नाही.

मग ज्युदो संघटनेचा गौरव कशासाठी? कानोंनी ज्युदोची दोन तत्त्वं सांगितली होती. एक म्हणजे शक्तीचा उत्तम वापर. दुसरं ‘जिता क्योएई’, म्हणजे स्वतःचं आणि इतरांचं मिळून भलं. बहुतेक खेळाडूंच्या बाबतीत हे दुसरं तत्त्व सरावाच्या दालनाच्या भिंतीवरच राहतं. जेरेमीच्या बाबतीत डाव कोणता होता हे माहीत नसलं, तरी तो उठून गेला एवढं नक्की माहीत आहे.

शँक्सव्हिलच्या राष्ट्रीय स्मारकात चौघांना वेगळं स्थान नाही. विमानाच्या मार्गाच्या रेषेत पांढऱ्या संगमरवराच्या ४० शिळा उभ्या आहेत, प्रत्येकीवर एक नाव. २०१८ मध्ये तिथे ९३ फूट उंचीचा मनोरा उभा राहिला. त्यात ४० मोठ्या नळ्या टांगल्या आहेत, प्रत्येकीचा सूर वेगळा. वारा आला की त्या वाजतात.