नाटक मंडळी : गाण्याच्या धंद्याची शाळा

अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत नाटक ‘शाकुंतल’ पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 रोजी रंगमंचावर आले आणि गाण्याचा धंदा नाटक मंडळींच्या बिऱ्हाडात शिकला जाऊ लागला. तिथे पदांची तालीम होई, तसा तिकिटविक्री, मुक्काम, पगार यांचा हिशेबही पाहून पाहूनच कळे. 1885 मध्ये किर्लोस्कर गेले, तरी त्यांची नाटक मंडळी चालली. पुढे शंकरराव मुजुमदारांनी तिची व्यवस्था पाहिली. 1913 मध्ये तिच्यातले कलाकार बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. भागीदारी मात्र टिकली नाही. प्रयोगांतील रेशमी वस्त्रे आणि अत्तरे यांवरचा खर्च मिळकतीला पेलवेना. 1921 मध्ये, ‘संयुक्त मानापमान’ हा नाट्यप्रयोग गाजला त्याच वर्षी, मंडळी कर्जात बुडालेली होती.