नऊशे मैलांचा आकाशमार्ग

कराचीपासून हैदराबादचे आकाशमार्गाने अंतर सुमारे ९०० मैल. १९४८ साली चार इंजिनांचे लँकॅस्ट्रियन विमान ते साधारण चार तासांत तोडीत असे. निजामाच्या दरबाराची मोठी आशा या चार तासांवर होती.

हैदराबाद संस्थानाचा विस्तार ८२,००० चौरस मैलांहून अधिक. परंतु त्याला समुद्रकिनारा नव्हता. चोहोंकडे भारतीय प्रदेश. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी झालेला 'जैसे थे' करार टिकेना, सरहद्दीवर नाकेबंदी झाली; तेव्हा उरली ती आकाशाची वाट. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने ती धरली. त्याची विमाने रात्री कराचीहून शस्त्रे आणून बीदर व वरंगळ येथे उतरवीत. त्याच दिवसांत मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे रझाकारांच्या भयाने मुलाबाळांसह सरहद्द ओलांडून जात होती.

परंतु विमान कितीही वेगवान असो, त्याच्या पोटात मावेल तेवढेच ते आणते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल चौधरी यांच्या नेतृत्वाखालील मुख्य तुकडी सोलापुराकडून निघाली. तेथून हैदराबाद जमिनीवरून दोनशे मैलांच्या आत; तेवढ्याला पाच-सहा दिवस लागले. १७ तारखेला निजामाने युद्ध थांबविले, १८ तारखेला त्याची सेना शरण आली.

वेगाची वाट हरली, संथ वाट जिंकली. राज्य तरते ते प्रजेच्या विश्वासावर. आणि तो परक्या नगरीहून विमानाने आणता येत नाही.