खोली, गाडी आणि मुंबईकर

मुंबईत घरे महागली की बाहेरून आलेल्या माणसावर बोट ठेवण्याची आपली रीत जुनी आहे. इतिहास मात्र या तक्रारीला दुजोरा देत नाही. १९११ च्या जनगणनेत मुंबईतील दर पाच माणसांपैकी सुमारे चार बाहेर जन्मलेली आढळली. ज्यांना आपण परके म्हणतो, त्यांचेच हे शहर बनले होते.

गिरण्यांना कोकणातील व घाटावरील हात हवे होते. त्या हातांच्या निजण्याची चिंता फारशी कोणी वाहिली नाही. १८९६ साली प्लेग आला, तेव्हा सरकारचे लक्ष कोंदट खोल्यांकडे गेले. १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. पण आरंभीच्या वर्षांत जितक्या गरिबांच्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या नाहीत.

१९२५ साली कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धावली. पुढे लोकलच्या आधाराने वस्ती दूरदूर सरकली. १९४७ च्या कायद्याने जुनी भाडी गोठली. राहत्या भाडेकरूला आसरा मिळाला, पण दुरुस्ती रखडली आणि नव्याला पागडीवाचून दार उघडेना. मग तो कल्याण-विरार गाठू लागला.

तेथे खोलीचे भाडे कमी पडते खरे. उरलेले भाडे तो रोज गाडीत उभा राहून, आपल्या आयुष्याच्या तासांनी फेडतो. या तासांचा हिशेब शहराच्या जमाखर्चात कोठेच लिहिलेला नाही. तो मांडल्याशिवाय परका कोण, हे ठरविण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही.